सुरू व्हायला आठ मिनिटं घेणारा कॉम्प्युटर: फॉरमॅट मारण्याआधी सेकंद मोजा

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंकडे २०१७ सालचा डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून पहिला अर्ज भरायला घेईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात आणि दारात माणसं उभी असतात. दोन वर्षांत तीनदा फॉरमॅट मारून झालाय. दर वेळी महिना-दोन महिने बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता टेक्निशियन म्हणतोय, मशीन जुनं झालं, नवीन घ्या.

ताई, नवीन घेण्याची घाई करू नका आणि चौथ्यांदा फॉरमॅटही मारू नका. एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय. माझ्याकडे ‘स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बहुतेकांचा फॉरमॅट आधीच एक-दोनदा मारून झालेला असतो, आणि वेळ नेमका कुठे जातो हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो. इथे थर्मामीटरचं काम फोनमधलं स्टॉपवॉच करतं.

उद्या सकाळी चार वेळा नोंदवा. बटण दाबल्यापासून ते विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत. ठिपक्यांपासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत. पासवर्ड टाकून एंटर मारल्यापासून खालची पट्टी दिसेपर्यंत. आणि पट्टी दिसल्यापासून मशीन शांत होईपर्यंत, म्हणजे क्रोम उघडायला सांगितलं की ते मुकाट्याने उघडेल इथपर्यंत. या चार टप्प्यांत चार वेगवेगळी मंडळी काम करत असतात, आणि एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला झोडपून उपयोग नाही.

पहिल्या टप्प्यात विंडोज अजून मैदानात आलेलंच नसतं. तिथे मदरबोर्डचं बायोस काम करतं: रॅम तपासतं, डिस्क शोधतं, यूएसबीला काय काय लावलंय ते बघतं. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम), स्टार्टअपच्या टॅबवर जा, वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडा दिसेल. दहा-पंधरा सेकंद असेल तर सोडून द्या. तीस-चाळीसच्या पुढे असेल तर तुमच्या टेबलावर नजर टाका. सेवा केंद्रात बोटाचा ठसा घेणारं यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन आणि कुणीतरी विसरलेला पेनड्राइव्ह असं सगळं एकाच वेळी लावलेलं असतं. एकदा कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढा, रिस्टार्ट करा, पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर आला तर एकेक वस्तू परत लावत जा, दोषी सापडतो. बहुतेकदा तो जुना पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क असते. बायोस तिथून विंडोज सुरू होतंय का ते आधी बघत बसतं.

याच टप्प्यातली दुसरी गोष्ट म्हणजे बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२. सात-आठ वर्षांत तो संपतो. मग लाईट गेली की तारीख-वेळ जाते, सेटिंग मूळपदावर येतं आणि सकाळी काळ्या पडद्यावर एफ-वन दाबा म्हणून मशीन थांबून राहतं. तारीख मागे गेली की पोर्टल उघडताना ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. सेल बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या टप्प्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो तुमचा त्रास असेल असं मला वाटत नाही. पण एक पतसंस्था आठवते. तिथल्या सहाही मशीनना पासवर्ड टाकल्यावर दीड-दोन मिनिटं ‘वेलकम’वर थांबायची सवय लागली होती. सगळ्यांचा फॉरमॅट मारायचा असं ठरतही आलं होतं. कारण निघालं ते हे: जुना सर्व्हर वर्षभरापूर्वी काढून टाकला होता, पण प्रत्येक मशीनवर त्याचा झेड ड्राइव्ह जोडलेलाच होता. रोज सकाळी सहाही मशीन, नसलेल्या सर्व्हरची वाट बघत बसायची. ‘धिस पीसी’मध्ये लाल फुलीचा ड्राइव्ह दिसला तर त्यावर राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा. तसाच जुन्या, आता नसलेल्या नेटवर्क प्रिंटरचा विचार करा.

आता मुद्द्याकडे येतो. तुमचा वेळ दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात जात असणार, आणि दोन्हीकडे डिस्कच असणार, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर पैसे खर्च करू नका, तपासा.

मशीन सुरू झाल्या झाल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर ‘डिस्क’ निवडा. डिस्क शंभर टक्के दिसेलच, त्याने घाबरू नका. जुन्या डिस्कवर सकाळी ते होतंच. त्याखालचं ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ आणि ‘रीड स्पीड’ हे दोन आकडे एकत्र वाचा. धडधाकट डिस्क कामाच्या गर्दीत असेल तर रीड स्पीड काही एमबी असतो आणि रिस्पॉन्स टाइम दहा-वीस मिलिसेकंदांपासून शंभर-दोनशेपर्यंत वरखाली होतो. आजारी डिस्कचं चित्र वेगळं असतं: शंभर टक्के, रीड स्पीड शून्य केबी, रिस्पॉन्स टाइम दोन हजार, तीन हजार, पाच हजार. म्हणजे डिस्क काम करत नाहीये, एकाच जागी अडकून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. कॅबिनेटला कान लावला तर बारीक ‘टक्... टक्...’ही ऐकू येतं.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हे वाचून दाखवतं. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक, पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर लक्ष द्या. यादीतल्या तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब होऊन बदलून टाकलेल्या जागा, सी५ म्हणजे संशयित जागा ज्या अजून वाचता येत नाहीत, सी६ म्हणजे सुधारण्याची आशा सोडलेल्या. तिन्ही शून्य हव्यात. यात एक खाच आहे, ती अनेक टेक्निशियनच्याही लक्षात येत नाही. त्या सॉफ्टवेअरमधले ‘रॉ व्हॅल्यूज’ मुळात सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत असतात. तिथे ३० लिहिलेलं असेल तर तो आकडा ४८ असतो. फंक्शन मेनूमध्ये ॲडव्हान्स्ड फीचरखाली दशमान पद्धत निवडा, मग खरा आकडा दिसेल.

सी७ ओळीचा आकडा मोठा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, बाकी तिन्ही शून्य असतील, तर डिस्क चांगली आहे आणि तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल खराब किंवा ढिली आहे. एका अकाउंटंटच्या मशीनमध्ये मला हेच सापडलं होतं. तीन फॉरमॅट झाले होते, डिस्क बदलायचं चाललं होतं, आणि दोष हातभर लांबीच्या लाल केबलचा होता.

फॉरमॅट मारल्यावर महिना-दोन महिने बरं का चालतं, हे इथे समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी सांगितलं तरी तुम्ही ठाम राहाल. संशयित जागेवर नव्याने काही लिहिलं गेलं की डिस्क ती जागा वापरातून काढते आणि राखीव साठ्यातली दुसरी देते. फॉरमॅट आणि नवीन विंडोजमुळे हे बऱ्याच जागांना होतं, शिवाय विंडोजच्या फायली नव्या ठिकाणी पडतात. म्हणून वेग येतो. पण डिस्कचा पृष्ठभाग खराब होत जायचा थांबत नाही. नव्या फायलींखालच्या जागा खराब होऊ लागल्या की पुन्हा सात मिनिटं. दुसरं कारण म्हणजे, फॉरमॅटनंतर तोच टेक्निशियन तोच दहा-बारा सॉफ्टवेअरचा संच पुन्हा टाकतो, आणि त्यातले निम्मे सकाळी आपोआप सुरू होणारे असतात. फॉरमॅटने यातलं एकही कारण जात नाही. जातो तो तुमचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि दोन दिवस.

सी५ शून्य नसेल तर आजच, आधी डेटा बाहेर काढा. डेस्कटॉपवरचं, डाउनलोड्समधलं, स्कॅन केलेलं, सगळं. ‘चेकडिस्क’ची खराब जागा शोधणारी लांब तपासणी आत्ता चालवू नका. ती डिस्कच्या कानाकोपऱ्यात जाऊन तासन् तास वाचायला लावते आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच मरते. डेटा वाचवण्याच्या आधी दुरुस्ती केल्यामुळे लोकांचे लग्नाचे फोटो गेलेले मी पाहिलेत, आणि त्या वेळी समोर बसलेल्या माणसाला सांगायला काहीच नसतं.

डिस्क निरोगी निघाली तरीही ती बदलून एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, बसवाच असं मी सांगेन. हिशोब बघा. तुमची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली एक फाईल गाठायला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक जागा वाचतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे तेच काम एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळात होतं. प्रोसेसर तुमचा कामाला पुरेसा आहे, तो डिस्कची वाट बघत हात बांधून बसलेला असतो. मशीन जुनं झालं म्हणणाऱ्याने प्रोसेसरकडे बोट दाखवलं, दुखणं मात्र डिस्कचं आहे.

तुमच्या बोर्डाला साध्या साटा केबलची अडीच इंची एसएसडी लागेल. २४० किंवा २५६ जीबी पुरते. सोबत रॅम ४ ची ८ जीबी करा. विंडोज १०, अँटिव्हायरस आणि क्रोमचे आठ-दहा टॅब ४ जीबीत मावत नाहीत. उरलेलं डिस्कवर ठेवावं लागतं, आणि तीच तर संथ. रॅम घेताना बोर्डावर डीडीआर ३ आहे की डीडीआर ४, हे आधी बघा. सातव्या पिढीच्या बोर्डांत दोन्ही प्रकार आले आणि एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी एसएसडी.

सी५ शून्य असेल तर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, एसएसडीवर घेता येतो. काहीच पुन्हा टाकावं लागत नाही. फक्त वापरलेली जागा एसएसडीत मावली पाहिजे. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर मशीन पुन्हा तिच्यावरूनच सुरू होतं आणि ‘काही फरक नाही’ म्हणून फोन येतो. सी५ खराब असेल तर क्लोन करू नका, तो मध्येच अडकतो. नव्याने विंडोज टाका. विंडोज खऱ्या लायसन्सचं असेल तर ते सहसा मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही.

आता आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. हे आजच, फुकटात करता येतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये प्रत्येकापुढे ‘इम्पॅक्ट’ लिहिलेला असतो. ‘हाय’ म्हणजे सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचं ३ एमबीहून जास्त काम. टीम्स, व्हॉट्सॲप, टॉरेंट, प्रिंटरचं शाई दाखवणारं आणि अपडेट शोधणारं सॉफ्टवेअर, ब्राउझरचं पार्श्वभूमीत चालू राहणं: हे सगळं बिनधास्त ‘डिसेबल’ करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, गरज लागली की आयकॉनवर क्लिक केलं की ते उघडतं.

पण तुमच्या धंद्यात तीन गोष्टींना हात लावू नका. ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि पोर्टलवर सही करायला लागणारा छोटा प्रोग्राम. माझ्या ओळखीच्या एका केंद्रात उत्साही भाच्याने स्टार्टअपमधलं सगळं बंद केलं. मशीन झकास सुरू झालं, पण दुपारपर्यंत एकाही दाखल्यावर सही होईना. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ बघा. फोल्डरच्या नावावरून कंपनी कळते, मग ठरवा. आणि दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक पूर्ण काढा. दोघे एकच फाईल तपासत बसतात, आणि जुन्या डिस्कवर हे फार महागात पडतं.

नेमका कोण वेळ खातोय याची नोंद विंडोज स्वतःही ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. हजाराने भागलं की सेकंद. १०१ च्या नोंदीत उशीर करणाऱ्या प्रोग्रामचं नाव, १०२ मध्ये ड्रायव्हरचं, १०३ मध्ये सर्व्हिसचं. गेल्या महिन्याभरात तेच नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. टेक्निशियन आला की त्याला ही यादी दाखवा.

‘रोज बंद करते तरी टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बारा दिवस का दिसतो?’ असं तुम्ही विचारलंय. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवरच्या एका फाईलमध्ये जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. जुन्या डिस्कवर याचा फायदा होतो, म्हणून ते चालू राहू द्या. पण त्यामुळे अडकलेले ड्रायव्हर आणि अर्धवट अपडेट दिवसेंदिवस तसेच पुढे ओढले जातात. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. शनिवारी घरी जाताना आधी रिस्टार्ट, मग शटडाउन, एवढी सवय लावा. एसएसडी बसवल्यावर हे बंद केलं तरी चालेल, फरक थोड्या सेकंदांचा राहतो.

गावोगाव चालणाऱ्या काही उपायांबद्दल स्पष्ट बोलतो. विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘टेम्प’, मग ‘प्रीफेच’ आणि सगळं डिलीट, हा विधी मी शेकडो वेळा पाहिलाय. टेम्प साफ केल्याने जागा मोकळी होते. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर उपयोगही होतो. प्रीफेचमध्ये मात्र सुरू होताना कोणत्या फायली लागतात याच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढचे काही दिवस मशीन आणखी हळू सुरू होतं, कारण विंडोजला ते सगळं नव्याने शिकावं लागतं. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ वाढवण्याचा सल्लाही सोडा. विंडोज मुळातच सगळे वापरतं, ती खूण ते कमी करण्यासाठी आहे. रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर टाकू नका. रॅम काढून खोडरबरने घासणं हा डिस्प्ले येत नसेल तेव्हाचा उपाय, वेगाशी त्याचा संबंध नाही. आणि एसएसडी आल्यावर बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर चालवू नका, विंडोज तिची देखभाल आपोआप करतं.

नवीन एसएसडी बसवण्याआधी यूपीएस तपासा. तुमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाईट जाते असं तुम्ही लिहिलंय. काम सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा. मशीन पाच मिनिटंसुद्धा तग धरत नसेल तर बॅटरी संपलीय. जुनी डिस्क खराब निघाली तर त्याला हेच कारण झालेलं असू शकतं. लिहिता लिहिता वीज गेली की एसएसडीलाही त्रास होतोच.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या आय-थ्रीला अधिकृतपणे चालत नाही. आडमार्गाने ते टाकून देणारे भेटतील. ज्या मशीनवर रोज लोकांचे आधार क्रमांक टाकले जातात त्यावर मी तसं करणार नाही. सुरक्षेचे वाढीव अपडेट घेण्याची नोंदणी करून घ्या आणि पुढच्या मशीनसाठी हळूहळू पैसे बाजूला काढा. एसएसडी तेव्हा नव्या मशीनमध्येही लावता येईल, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

जुनी डिस्क टेक्निशियनला देऊ नका आणि भंगारातही टाकू नका. तिच्यावर हजारो लोकांची रेशनकार्डं, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाची पहिली पानं आहेत, आणि फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून ती परत काढता येतात. चालत असेल तर पूर्ण पुसून घ्या, चालत नसेल तर उघडून आतली चकती फोडा.

चार टप्प्यांचे सेकंद, रिस्पॉन्स टाइम आणि सी५ समोरचा आकडा कळवा. क्लोन करायचा की नव्याने टाकायचं, ते त्यावरून सांगतो.